बायजाबाईचं गाणं

धम्मानंदसारखा गाण्यांचा हावरा निवेदक आमच्या रेडिओवर दुसरा नाही. इतवारीत भांडी आणायला पाठवा, हा जुन्या कॅसेटी घेऊन येईल. भिवापूरला मिरचीचे देठ खुडता खुडता बायजाबाई गायची, ते गाणं त्यानेच रेकॉर्ड केलं आणि काल दुपारी मोठ्या कौतुकाने लावलं.

त्याच्या खोलीत स्पीकर नाही, सगळं हेडफोनमधून ऐकायचं. तोही हा फक्त डाव्या कानावर ठेवतो, वर्षानुवर्षांची खोड. गाणं सुरू झालं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. रेडिओवाल्याला सगळ्यात मोठी धास्ती शांततेची. त्याने घाबरून माइक उघडला आणि बोलतच सुटला. माझ्याकडच्या स्पीकरवर गाणं तर नीट वाजत होतं! मी काचेपलीकडून हात हलवून थकले, शेवटी चिडून आत धावले.

तेवढ्यात फोन आला. त्याने तो डाव्या कानाला लावला. "हॅलो? हॅलो?" मग उजव्या कानाला.

बायजाबाईचं ओरडणं मलाही ऐकू आलं. "काहून मधात बोलून राहिला गा? मले माझं गाणं ऐकू दे ना!"

धम्मानंदने हेडफोन पुन्हा डाव्या कानावर दाबला आणि माझा हात घट्ट धरला. "नंदिनी, गाणं वाजून राहिलं काय वं?"