महेबूबभाई त्या दिवशी मैदानात उतरले नाहीत

महेबूबभाई नदाफ यांना मी पहिल्यांदा पाहिले ते माझ्याच गोलपोस्टसमोर. मी तेव्हा आमच्या कार्यालयाच्या फुटबॉल संघाचा गोलरक्षक होतो. त्यांनी मारलेला चेंडू जाळ्यात गेला हे मला प्रेक्षकांच्या ओरडण्यावरून कळले. सामना संपल्यावर न राहवून मी त्यांच्याकडे गेलो आणि विचारले, "कसा मारलात हो?" ते लाजून हसले. "मला काय ठावं, साहेब? पाय गेला, मारलो की."

पुढच्याच वर्षी मी त्यांच्या क्लबात दाखल झालो. खेळ सुटल्यावर क्लबाचा सचिव झालो. महेबूबभाई सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. बिघडलेले माग दुरुस्त करायचे हे त्यांचे काम. पाळी संपली की ते सायकलवरून थेट मैदानावर येत. त्यांचा सामना असला की नव्या पेठेतले कापडवाले दुकान भावाच्या स्वाधीन करून यायचे. चेंडू त्यांच्या पायाशी आला की बोलणारे गप्प होत. मी त्यांच्या मागे गोलमध्ये उभा राहून कित्येकदा सामना विसरलो आहे.

पुढे आमचे प्रशिक्षक बिराजदार मास्तर थकले आणि वळसंगला आपल्या शेतावर राहायला गेले. त्यांच्या जागी कोण, हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. महेबूबभाईंनी नुकताच खेळ थांबवला होता आणि सभेत हारसुद्धा आणून ठेवलेला होता. तेव्हा मी उभा राहिलो.

"माझा विरोध आहे," मी म्हणालो. "महेबूबभाईंसारखा खेळाडू सोलापुरात दुसरा नाही. पण आपण गोल कसा करतो हे त्यांना सांगता येत नाही. जे सांगता येत नाही ते शिकवणार कसे? आणि उद्या संघ हरला तर आज हार घालणारेच त्यांना शिव्या देतील. मला ते बघवणार नाही."

एकच गलका झाला. "गायकवाड, खाली बसा!" असे चारी बाजूंनी ऐकू आले. मग महेबूबभाई उठले.

"बसा, बसा समदे. साहेब बोललाव ते खरं हाय. मला खेळता येतंय, सांगता येत न्हाय. एक वरीस द्या. शिकून येतो."

आणि ते खरोखरच शिकायला गेले. जुळे सोलापूर भागातल्या एका शाळेत सुनंदा कांबळे मॅडम मुलींना फुटबॉल शिकवत. मॅडम स्वतः कधी मोठ्या सामन्यात खेळल्या नव्हत्या, पण शिकवण्यात त्यांचा हात धरणारे कुणी नव्हते. महेबूबभाई रोज त्यांच्या हाताखाली उभे राहू लागले. एके दिवशी मी पाहायला गेलो, तर एक मुलगी त्यांना विचारत होती, "काका, समोरचा कुठं वळणार ते तुम्हाला आधी कसं कळतं?"

"मला ठावं न्हाय, बाळ. शोधून सांगतो," ते म्हणाले.

आठ दिवस ते स्वतःच खेळत होते, मध्येच थांबत होते, आपण कुठे पाहतो ते तपासत होते. मग त्यांनी त्या मुलीला सांगितले, "पायाकडं बघू नको. कंबरंकडं बघ. पाय फसवतो, कंबर फसवत न्हाय." मॅडमनी ते वाक्य आपल्या वहीत उतरवून घेतले.

त्याच वर्षातली एक घरगुती गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्कूटरवरून पडून माझे उजवे मनगट मोडले. पत्नी बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. महेबूबभाई रोज सकाळी कामावर जाण्याआधी माझ्या घरी येत आणि माझ्या शर्टाची बटणे लावून देत. प्लास्टर निघेपर्यंत त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. एकदा मला राहवले नाही. मी म्हणालो, "भाई, त्या सभेत मी जे बोललो…" त्यांनी मला पुढे बोलू दिले नाही. "साहेब, मान वर करा. वरचं बटण ऱ्हायलंय."

वर्ष संपल्यावर ते प्रशिक्षक झाले. पहिला हंगाम वाईट गेला. जुने खेळाडू निघून गेले होते, नवे कच्चे होते. शेवटचा सामना हरलो तर खालच्या गटात जाणार, अशी वेळ आली. भीतीपोटी मी महेबूबभाईंना न विचारताच त्यांचे नाव बदली खेळाडूंच्या यादीत लिहून टाकले. आम्ही एका गोलने मागे होतो आणि पंधरा मिनिटे उरली होती. सगळे मैदान ओरडू लागले, "महेबूब! महेबूब!"

मी त्यांचा दंड धरला. "भाई, उतरा. पंधरा मिनिटांचा तर प्रश्न आहे."

त्यांचा उजवा पाय जागच्या जागी हलत होता, तो मी पाहिला. मग ते म्हणाले, "उतरलो तर दोन गोल मारीन, साहेब. ते मला ठावं हाय. पण मग ह्या पोरास्नी जलमभर वाटंल, आपल्याच्यानं हुत न्हाय."

ते उतरले नाहीत. आम्ही हरलो. कालपर्यंत ज्यांनी त्यांना खांद्यावर घेतले होते त्यांनीच पाण्याच्या बाटल्या फेकल्या, नको ते शब्द वापरले. महेबूबभाई खेळाडूंच्या पुढे जाऊन उभे राहिले आणि सगळे अंगावर झेलले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी मैदानावर गेलो, तर कोणी आलाच तर म्हणून ते एकटेच वाट पाहत उभे होते. थोड्या वेळाने एकेक करत सगळा संघ आला. सराव सुरू झाला.

दोन हंगामांनंतर त्याच खेळाडूंनी क्लबाला पुन्हा वरच्या गटात आणले. त्या दिवशी भर सभेत मी कबूल केले, की माझे म्हणणे खेळाडूपुरते बरोबर होते, पण हा माणूस मला ओळखता आला नव्हता. उत्तम खेळाडू प्रशिक्षक व्हावा की नाही, असे मला आजही लोक विचारतात. मी सांगतो, एक वर्ष विद्यार्थी होण्याची त्याची तयारी आहे का, तेवढे आधी पाहा.

महेबूबभाई आज साठ वर्षांचे होत आहेत. डॉक्टरांनी धावायला मनाई केली आहे, आणि ते ऐकत नाहीत अशी शमीमभाभींची तक्रार आहे. भाभींचे त्यांनी थोडे तरी ऐकावे, त्यांचे गुडघे दुखायचे थांबावेत, आणि त्यांनी घडवलेल्या खेळाडूंच्या मुलाबाळांचा खेळ पाहायला ते धडधाकट तब्येतीने दीर्घकाळ आमच्यात असावेत. मी वयाने मोठा आहे, म्हणून हा आशीर्वाद देण्याचा हक्क मला आहे. पण तो देताना माझे हात जोडलेले आहेत.