डावा पाय

त्या दुपारी लेकीनं आपल्या आईला घरामागच्या सांदवाडीत सात खेपा चालवलं. आम्हा नवराबायकोनं मिळून केलेलं ते शेवटचं काम. काम कसलं, ती डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन चालायची आणि मी खाटेवर बसून लेकीचा इशारा झाला की "चाल" म्हणायचो.

लेक नागपूरला विद्यापीठात शिकते. आधी खो-खो खेळायची, आता खेळाचंच शिक्षण घेते. गुडघा किती वाकतो, पाऊल कसं पडतं, तेव्हा मनात काय चालतं, असा सगळा अभ्यास. मी चौथी पास. पळणाऱ्याला पळू द्यावं, त्यात शिकायचं काय, असं मला वाटायचं. तिला ओझं घेऊन चालणाऱ्या माणसाचा व्हिडिओ काढायचा होता. त्यासाठी आईच्याच पाकिटातल्या टिकल्या तिनं आईच्या घोट्याला, गुडघ्याला, खांद्याला चिकटवल्या.

"मले पोळ्याचा बैल करून राह्यली काय व?" बायको म्हणाली.

"बैल गपचूप चालते, आई. तू बोलून राह्यली."

मी हसलो, तर गुंडासकट माझ्याकडं वळली. "तुमी नोका हासू. तुमी कवा पाह्यलं मले चालताना?"

खरं होतं. आमच्यात नवरा पुढं, बायको मागं. शेतात, बाजारात, लग्नाला, सगळीकडं. चाळीस वर्षं मी तिच्या पायांचा नुसता आवाज ऐकला. आवाज मागं पडला की ओरडायचो, "ये ना व लवकर!"

"डोक्यावर ओझं असलं का मनात काय रायते, आई?"

"भात करपला का, थे."

लेकीनं तेही वहीत लिहिलं. मग व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. "तुया डावा पाय बाहेर पडते. कवापासून?"

"लय जुनं हाय. तुया बापाले विचार."

दोघी माझ्याकडं पाहू लागल्या. "मले काय मालूम?" मी म्हणालो. बायकोनं गुंड उतरवला आणि भात पाहायला आत गेली.

दिवस कलताना छातीत दुखतं म्हणाली. जीपमध्ये घातलं. ब्रह्मपुरीच्या रस्त्यातच गेली.

अजूनही बांधावरून जाताना माझी चाल आपोआप धीमी होते. मागं कोणी नसतं.

महिन्याभरानं लेकीचा फोन आला. "बाबा, आईच्या फारमात एक रकाना हाय, जुन्या इजेचा. काई नाई लिहत, खाली सोडतो."

"खाली काऊन? चाळीस वर्षं मायासंग राह्यली थे."

"मंग सांगा."

मला सांगता येईना. काटा घुसला असेल, धानाच्या रोवण्यात पाय मुरगळला असेल, बाळंतपणात काही झालं असेल. त्या दिवशी ती लंगडत चुलीपाशी बसली असेल, आणि मी जेवून उठलो असेन.

दुसऱ्या दिवशी वैनगंगेपलीकडं तिच्या माहेरी गेलो. मोठी बहीण धान पाखडत होती. तिला पायाचं विचारलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"इथून गेली तवा सरळ चालत होती, भाऊजी. चिंचेवर चढे. जे झालं थे तुमच्या घरी झालं."

"तिनं सांगतलं नाई काई?"

"तुमाले नाई सांगतलं, त मले कायले सांगन?"

तिनं चहा दिला. मी प्यालो. परतताना गाडीत माझ्यापुढं एक बाई चढली. माझी नजर तिच्या पायांवर गेली आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

सकाळी उठून आधी लेकीला फोन लावला.

"लिही," म्हटलं.

"कळलं काय, बाबा?"

"नवऱ्याले मालूम नाई, असं लिही."

"असं नाई लिहत जी, बाबा. मास्तर काय म्हणतीन?"

"त्याहीनं विचारलं त मी येतो नागपूरले सांगाले. पण खाली नोको सोडू."

तिकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बरं, लिवतो." ती लिहीत होती तोवर मी फोन कानाला लावून उभा राहिलो.