आतल्या खोलीतला होकार

विहारात दीक्षाविधीसाठी भिक्खू गोल करून बसले होते आणि आम्ही उपासक दाराबाहेर. थोरल्या भंतेंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "आतल्या खोलीतल्या आजारी भंतेंची संमती कोणी आणली?"

कोणीच आणली नव्हती. झालं, सगळं थांबलं! एक भिक्खू उठून आत गेले आणि परत येऊन म्हणाले, "त्यांची संमती घेऊन आलोय."

मगच दीक्षा देण्याचा प्रस्ताव मांडला गेला आणि तीनदा पुकारला गेला. मान्य असेल त्याने गप्प राहायचं, नसेल त्याने बोलायचं. प्रत्येक पुकाऱ्यानंतर मी एकेका भिक्खूच्या तोंडाकडे बघत होतो. एकाचा नकार, की विधी अडला! आणि एवढी ताकद तापाने फणफणलेल्या माणसाच्याही हातात!

शेजारच्या मावशी पुटपुटल्या, "तापात काय विचारायचं माणसाला?"

मी चपापलो. अंथरुणाला खिळलेल्या आईला मागच्या खोलीत हलवायचं, असं आम्ही भावंडांनी परवाच एकमताने ठरवलं होतं.

जवळजवळ धावतच घरी आलो. तिच्या उशाशी बसून विचारलं, "आई, मागच्या खोलीत जाशील?"

"नको. इथून रस्ता दिसतो."

आमचा ठराव पडला, आणि मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.