इंदुरातला राजीनामा

आमच्या घरात रोज सकाळी सहाच्या आत कुठलं तरी राज्य उलथतं, नाहीतर कोणी तरी चंद्रावर उतरतं. मी चहाचं आधण ठेवते तोवर ह्यांची वही उघडलेली असते. हे म्हणजे माझे यजमान हरी पंडित, रेल्वेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. सुदामा नगरात आमच्या गल्लीच्या बगीच्याच्या फाटकाशी एक काळा फळा आहे. ह्याच तारखेला जगात कधी काय घडलं, ते अकरा वर्षं हे त्यावर मराठीत लिहितात. मागच्या वर्षी डेंग्यूच्या तापातही निघाले होते. मी दारात आडवी उभी राहिले.

यंदा ऑगस्टात रहवासी संघाचे अध्यक्ष मनीषजी म्हणाले, फळ्यावर खाली गल्लीतल्या लोकांचे वाढदिवसही टाका. सुरुवात नऊ तारखेला, त्यांच्या नातीपासून. एवढंच. पण ह्यांचं डोकं फिरलं.

“नऊ ऑगस्टला नागासाकीवर बॉम्ब पडला! त्याच्याखाली मी ‘हॅपी बर्थडे खुशी’ लिहू?”

“मग नागासाकी खाली लिहा,” मी म्हटलं. त्यावर दिवसभर अबोला.

सात तारखेला संध्याकाळी ह्यांनी मनीषजींना परस्पर चिठ्ठी दिली: ‘वाढदिवसांच्या प्रश्नावरून मी राजीनामा देत आहे. स्वीकार व्हावा.’ मला आधी दाखवली असती तर! पण मला विचारतो कोण? आठ तारखेला फळा कोरा राहिला आणि हे गॅलरीत खुर्ची टाकून बसले. आता सगळी गल्ली हात जोडत येणार, अशी खात्री. “कोणी आलं का गं?” दर पाच मिनिटांनी मला विचारायचे, स्वतः रस्त्याकडे तोंड करून! साडेआठला चेहरा उतरला. फळा गेला तर ह्या माणसाला सकाळी उठायला कारण उरणार नाही, हे मला माहीत होतं, म्हणून तर जास्त चीड येत होती.

नऊच्या सुमाराला मनीषजी आले. एका हातात गरम जिलबी, दुसऱ्या हातात रंगीत खडूंचा डबा. “काकाजी, राजीनामा हो गया, अब मुँह मीठा करो!”

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आपण गेलो म्हणून गल्ली जिलबी वाटतेय, असंच वाटलं त्यांना.

माझा जन्म इंदुरात गेलाय. इथे पोलिसांच्या थाण्यात दोन भांडखोर राजीनामा करतात, म्हणजे लेखी समेट करतात. काम सोडायचं तर इस्तीफा. “अहो,” मी म्हटलं, “त्यांना वाटलं तुम्ही मानले. समझौता झाला म्हणून खूश आहेत ते!”

हे हसतील असं मला वाटलं. तेवढ्यात मनीषजी म्हणाले, “और क्या! आप खुद हर साल नौ अगस्त को लिखते हो ना, अमेरिका के राष्ट्रपति निक्सन का राजीनामा. मैं तो बच्चों को बताता हूँ, देखो, इतना बड़ा आदमी भी समझौता कर लेता है.”

अमेरिकेच्या अध्यक्षानं खुर्ची सोडली होती हो! ह्यांनी उचललेली जिलबी परत ठेवली. मनीषजी गेल्यावर म्हणाले,

“अकरा वर्षं, मंजिरी. लोक फळ्यापुढे थांबायचे. मला वाटायचं, वाचतात.”

“वाचतच होते!” मी ओरडले. मला रडू येत होतं. “तुम्ही कधी कोणाला विचारलंत का, काय समझलं म्हणून?”

नऊ तारखेला पहाटे पाचला मला हलवून उठवलं. “‘बेचिराख’ला हिंदीत काय म्हणतात?” मग दुसरा शब्द, मग तिसरा. माझी झोप गेली ती गेलीच.

सात वाजून गेले तरी हे परत येईनात, म्हणून मी फाटकापर्यंत गेले. फळा दोन भाषांत काठोकाठ भरला होता, कोपऱ्यात खुशीचं नावही होतं. पुढे हे उभे, आणि दूधवाल्याच्या सायकलीचं हँडल धरून त्याला तुटक्या हिंदीत इस्तीफा समजावत होते.

“समझे क्या?” ते विचारत होते, आणि उत्तर मिळेपर्यंत त्याला सोडत नव्हते.