चार पेट्या, एकच खट्

मोटर जळाली की ती घेऊन येणारा माणूस दुकानाच्या पायरीवर टेकतो, चहाचा घोट घेतो आणि विचारतो, "कशानं जळाली?" आतून उत्तर येतं, "लाईटनं." विंचूरच्या रस्त्यावर निवृत्तीतात्यांचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे, तिथे तीस वर्षं हाच सवाल आणि हाच जवाब चालत आला होता. म्हातारं माणूस कशानं गेलं म्हणून विचारावं आणि ‘आजारानं’ असं कुणी सांगावं, तशातली गत. उत्तर खोटं नाही, पण त्यातून कळत मात्र काहीच नाही. तरी विचारणारा आणि सांगणारा, दोघेही खूश असायचे.

खूश नव्हती ती एकटी सविता.

सविता भोये पेठकडच्या डोंगरातली. बारा वर्षांपूर्वी द्राक्षाच्या छाटणीला टोळीबरोबर निफाड भागात उतरली ती इथलीच झाली. नवरा दिनेश वाइन पार्कात कामाला लागला. ही तात्यांच्या दुकानात शिरली ती विजेमुळे नव्हे, बांबूमुळे. मोटरीच्या पोटात लोखंडी खाचा असतात. खाचेत तांब्याची तार भरली की ती वर येऊ नये म्हणून तोंडाशी बांबूची कामटी ठोकतात. तात्यांना त्या कामट्या कधी सरळ निघायच्या नाहीत. पहाडातल्या बाईला बांबू तासायला काय शिकवायचं? पहिल्याच दिवशी तिने दुपारपर्यंत महिन्याच्या कामट्या काढून ठेवल्या आणि उरलेली दुपार खाचांत तार कशी भरतात ते बघत बसली. मग कामट्या ठोकू लागली, मग दोरा बांधू लागली, मग तार भरू लागली. तिच्या ‘आहा’ला दुकानातली माणसं हसायची, ‘आहे’ म्हण म्हणायची. ती ‘हाय’वर येऊन थांबली. भरलेली तार बांधायची गाठ मात्र तिने बदलली नाही. घरी वरईच्या पेंढ्यांना मारायची तीच गाठ ती मोटरीला मारायची, आणि तात्याही म्हणायचे की ती सुटत नाही.

या बाईला एक वाईट खोड होती, प्रश्न विचारायची. जळकी तार उपटून भंगाराच्या ढिगात टाकायची सोडून ती आधी वास घ्यायची, उजेडात धरायची, बोटावर काजळी घासून बघायची. असं करता करता तिला काळ्यातले दोन प्रकार दिसू लागले. काही मोटरींत दोन भाग जळलेले असायचे आणि तिसरा मधासारखा पिवळा. तात्यांना विचारलं तर ते म्हणाले, तीन तारांतली एक गेली की असं होतं, दोघांच्या डोक्यावर तिघांचा भार. ते पटलं. पण काही मोटरी सगळीकडून सारख्याच काळ्या, तव्याच्या बुडासारख्या. त्या कशानं? तात्या म्हणाले, "लाईटनं." इथे तिला राग यायचा.

तिने भिंतीवर खिळे मारले. ज्या वस्तीची मोटर, तिच्या खिळ्यावर त्या मोटरीतला जळका तुकडा लटकवायचा. दुकानात येणारे विचारायचे, ही कसली तोरणं? ती उत्तर द्यायची नाही, कारण उत्तर तिलाच हवं होतं. दोन वर्षांत खडकमळ्याचा खिळा वाकायला आला. आणि खडकमळ्याचे तुकडे, एखाददुसरा सोडला तर, सगळे सारखे काळे. शिवाय त्या मोटरी एकट्यादुकट्या येत नसत. यायच्या त्या तीन-तीन, चार-चार, एकाच टेम्पोतून, वऱ्हाड आल्यासारख्या. सोळा मोटरींची वस्ती, सगळ्यांची मिळून एक डीपी, म्हणजे वीज वाटणारा ट्रान्सफॉर्मर. तीही वर्षात दोनदा जळलेली.

"तात्या, एकाच दिवशी चार मोटरी कशा मरत्यात?" तिने विचारलं.

तात्या माणूस सरळ होता, म्हणून सरळ बोलला. थंडीतलं निम्मं काम खडकमळ्याचं आहे हे तिलाही ठाऊक होतं. तार भरायला दुकानात दोघं, सुनील आणि ती. सुनील वीस वर्षांचा जुना. काम आटलं तर घरी कोण बसेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. एवढं सांगून तात्या म्हणाले, "आपल्याच अन्नात माती कालवायची असंल तर काय बोलावं? सुट्टीच्या दिवशी तू कुठं जायचं, ते मी सांगनारा कोन?"

दोन दिवस ती खाली मान घालून तार भरत राहिली. भीती वाटत होतीच. बाकडं सुटलं तर पुन्हा कात्री हातात घेऊन बागेत उभं राहायचं, आणि बारा वर्षं बसून काम केलेल्या पाठीला ते जमेल असं तिला वाटत नव्हतं. शहाण्या बाईने इथेच विषय सोडला असता. पण डोक्यात किडा शिरला की शहाणपण त्याला काय करणार? तिसऱ्या दिवशी दुकान बंद होतं आणि ती सकाळी आठला खडकमळ्यावर हजर होती.

खडकमळ्याचा वाल्मीक, वस्तीच्या जळक्या मोटरी टेम्पोतून आणणारा, तात्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक, त्याची विहीर डीपीच्या अगदी बुडाशी. वायरमन बुद्धभूषणलाही तिने बोलावून घेतलं होतं. त्या आठवड्यात शेतीची लाईट सकाळी साडेआठला यायची. तिघं बांधावर उभी राहिली. वाल्मीकच्या बांधालगत त्याची एक आणि तीन शेजाऱ्यांच्या तीन, अशा चार पेट्या एका रांगेत होत्या. प्रत्येक पेटीत स्टार्टर आणि त्याला जोडलेला ऑटो. ऑटो म्हणजे लाईट आली की आपोआप मोटर चालू करणारी डबी. मालकाने घरी झोपावं, मोटरीने पाणी काढावं. वाल्मीक कौतुकाने सांगत होता की ऑटो सोळाही जणांनी एकाच दुकानातून, एकाच दिवशी आणले, त्यामुळे भावात सवलत मिळाली.

साडेआठला लाईट आली. क्षणभर काहीच झालं नाही. मग खट् झालं आणि डीपी कण्हली. वाल्मीकच्या पेटीवरचा विजेचा दाब दाखवणारा काटा चारशेच्या पलीकडे होता तो धाडकन अडीचशेवर आला आणि तिथेच थरथरत राहिला. विहिरीवरची मोटर हुंकारत होती, फिरत मात्र नव्हती. कितीतरी वेळाने ती कशीबशी उचलली. बुद्धभूषण म्हणाला, आज नशीब चांगलं, परवा याच वेळी फ्यूज उडाला होता.

सविता पेट्यांकडेच बघत होती. काटा नव्हे, आवाज तिच्या डोक्यात अडकला होता.

"किती वेळा वाजलं?" तिने विचारलं.

"एकदा," वाल्मीक म्हणाला.

"पेट्या चार हायत ना?"

वाल्मीकने चारही पेट्यांकडे आळीपाळीने पाहिलं, जणू त्यातली एखादी आजच उगवली असावी. मग तिने बुद्धभूषणला लाईट काढून झाकणं उघडायला लावली. प्रत्येक ऑटोच्या आत एक छोटी फिरकी असते. लाईट आल्यावर किती वेळाने मोटर चालू करायची ते ती फिरकी ठरवते. चारही फिरक्या पहिल्या खुणेवर. वस्तीत हिंडून बाकीच्या बारा उघडल्या, त्याही पहिल्या खुणेवर. दुकानातून आल्या तशा बसवल्या होत्या, फिरकी आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. सोळा मोटरी एकाच घटकेला दारात धक्काबुक्की करत होत्या आणि दार एकच होतं. उठताना मोटर चालती असतानाच्या पाच-सहा पट वीज ओढते, हे बुद्धभूषणने समजावलं. सोळांनी मिळून तेवढी ओढली की दाब कोसळणार, मग एकही धड उठणार नाही, आणि न उठणारी मोटर सगळीकडून सारखी काळी होणार. तात्यांचं उत्तर खरंच होतं म्हणा. जळत होत्या लाईटनंच.

दोन दिवसांनी वाल्मीकच्या पॅकिंग शेडमध्ये सोळा घरं जमली. बुद्धभूषणची पहिली सूचना होती की ऑटो काढून टाका, त्यावर एकदम गलका झाला. लाईटची पाळी दर आठवड्याला फिरते, कधी दिवसा तर कधी रात्री, आणि उसात बिबट्या आहे. अंधारात बांधावर मोटर चालू करायला वायरमनने स्वतः यावं, असं कुणीतरी सुचवलं. तो मुद्दा बिनतोड होता. सविता म्हणाली, ऑटो राहू द्या, फक्त फिरक्या फिरवा. प्रत्येकाने आपल्या आधीच्यापेक्षा अर्धं मिनिट जास्त थांबायचं. सोळाव्याला फार तर आठ मिनिटं उशीर, बास.

आठ तासांच्या लाईटीत आठ मिनिटं म्हणजे डाळीतलं मीठ. पण भांडण त्या आठ मिनिटांवरून असं पेटलं की भावकीतले जुने बांध पुन्हा कोरले गेले. लाईटचा भरवसा नाही, आली तशी जाते, मग शेवटी कोण राहणार? वाल्मीकचं म्हणणं, डीपी त्याच्या शेतात, म्हणून पहिला मान त्याचा. हे सगळ्यांना जवळजवळ पटलंच होतं, कारण मानाच्या गोष्टी आपल्याकडे लवकर पटतात.

सविता मागे द्राक्षांच्या पालथ्या कॅरेटवर बसली होती. तिला चारचौघांत बोलायची सवय नव्हती, तिचं काम गप्प बसूनच करायचं. पण ती उठली.

"आमच्या पाड्यावर उन्हाळ्यात झरा एकच," ती म्हणाली. "तिथं लांबून आलेलीचा हंडा पहिला भरतो. झऱ्याशेजारची शेवटी. शेजारचीला काय, तिला पानी दिसतंय की. लांबच्या तारंवर लाईट पोचंस्तोवर दमती. तिकडच्या मोटरी आधी उठू द्या, तार मोकळी हाय तोवर."

बुद्धभूषण म्हणाला की पुस्तकातही हेच लिहिलेलं आहे. त्याच्या पुस्तकापेक्षा हंडा लोकांना जास्त कळला होता. सगळे वाल्मीककडे बघू लागले, कारण झऱ्याशेजारी तोच होता. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी परत घातली.

"मंग माझा हंडा शेवटी," तो म्हणाला.

पुढच्या सकाळी लाईट आली तेव्हा वस्ती अंगणात उभी राहून ऐकत होती. लांब नाल्याकडे एक खट्. मग अर्ध्या मिनिटाने अलीकडे दुसरं. कुणीतरी मोजत होतं. वाल्मीकच्या बांधावरचं सोळावं झालं तेव्हा काटा जागेवरून जेमतेम हलला.

आणि खडकमळ्याचा खिळा तिथेच थांबला. दिवाळी झाली, संक्रांत झाली, नवा तुकडा नाही. डीपीही जळली नाही. सविताला रोज त्या खिळ्याकडे बघून मजा वाटायची आणि मग ती आज भरायला किती मोटरी आल्यात ते मोजायची. बाकड्यावर दोघांचं काम उरलं नव्हतं. माघ लागला तसे तात्या संध्याकाळी म्हणू लागले, "उद्या फोन करतो, मग ये." आठवड्यातून चार दिवस फोन यायचा, मग तीन. तात्यांनी तिला एका शब्दाने बोल लावला नाही. बोल लावला असता तर बरं झालं असतं, असं ती दिनेशला म्हणाली. दिनेश म्हणाला, बागेत छाटणीला माणसं कमी आहेत.

फाल्गुनात एके दिवशी फोन आला आणि ती आली तर दारात वाल्मीक उभा. टेम्पोत त्याची मोटर. आधी वाटलं, आपलं गणित चुकलं. मग मनाच्या तळातून दुसरा विचार वर आला की चला, बाकडं वाचलं. त्या विचाराची तिला लाज वाटली आणि तिने घाईने पाना उचलला.

झाकण निघालं. ती वाकली आणि तशीच राहिली.

आत तार होती, मधाच्या रंगाची, सगळीकडून सारखी. व्हार्निशवर धुळीचा पातळ थर. बांबूच्या कामट्या जागच्या जागी, एकही करपलेली नाही. आणि तारेच्या डोक्यावर सुती दोऱ्याची गाठ, वरईच्या पेंढीची. ही मोटर तिनेच अडीच वर्षांपूर्वी भरली होती, आणि डीपीच्या बुडाशी असल्याने ती एवढी तगली होती. बारा वर्षांत तिने शेकडो मोटरी भरल्या, पण आपलं काम पुन्हा कधी पाहिलं नव्हतं. दुकानातून गेलेली मोटर परत यायची ती कोळसा होऊनच. आपल्या हातून गेलेलं काम पुढे कसं टिकतं हे तिला ऐकूनच माहीत होतं. तिने अंगठ्याने ती गाठ चाचपली. तिचे डोळे भरून आले आणि ते तिने लपवले नाहीत.

तात्या येऊन शेजारी उभे राहिले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. तीस वर्षांत त्यांनीही दुकानात भरलेली मोटर अशी न जळता परत आलेली पाहिली नव्हती. मोटर खडखडते म्हणून आणली, असं वाल्मीक सांगत होता. तात्यांनी दांडा हाताने फिरवला, कान लावला आणि म्हणाले, बेअरिंग गेलंय. जळून आलेल्या मोटरींच्या बेअरिंगचं काम दुकानात तात्या स्वतः करायचे, त्याला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. त्यांनी फळीवरून बेअरिंग ओढायचा पुलर काढला, फडक्याने पुसला आणि सवितापुढे ठेवला.

"न जळनाऱ्या मोटरीला बेअरिंग तर लागनारच," ते म्हणाले. "शिकून घे. उद्या फोन करत नाय मी. आपली येळेवर ये."

तिने पुलर लावला. झिजलेलं बेअरिंग हळूहळू बाहेर आलं. ते तिने तळहातावर फिरवून पाहिलं, मग उठून खडकमळ्याच्या खिळ्यावर, काळ्या तुकड्यांच्या वर अडकवलं.

पायरीवर टेकलेल्या वाल्मीकने चहाचा घोट घेतला आणि सवयीने विचारलं, "कशानं गेलं?"

"म्हातारपनानं," सविता म्हणाली.