साहेबाची डाळिंबं

महाराष्ट्र झाल्याच्या आनंदात सभा गाजवून उस्मानाबादेत परतलो होतो. दिवाळी जवळ आली होती. सभेला आलेला शिवराम म्हणाला, "अण्णा, आमच्या विहिरीवरली डाळिंबं बघाया चला." भाषणानं घसा सोलला होता. निघालो.

लोहाऱ्यापर्यंत मोटार मिळते, पुढं माकणीच्या वाटेवर शिवरामच्या वस्तीपर्यंत बैलगाडी. जाणाऱ्यांनी पाणी सोबत घ्यावं आणि धूळ खायची तयारी ठेवावी. शिदोरी नको, वाटेत कुणीही ज्वारीची भाकरी अन् शेंगदाण्याची चटणी दिल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही.

झाडं मोजकीच, पण काय झाडं! इराणकडून आलेलं हे फळ आपल्या काळ्या मातीत असं रुजलं की साल कोंबड्याच्या तुऱ्यासारखी लाल. दाणे तापातून उठलेल्याला, साल हगवणीला. आपले वैद्य पिढ्यान् पिढ्या हेच सांगतात.

चांगल्या फळांवर मात्र पांढरी फडकी बांधलेली.

"खारीपासून राखायला?" मी विचारलं.

"खारीपासून बी, अन् घरच्यांपासून बी," शिवराम हसला. "बांधलेली साहेबाची."

"कोणत्या साहेबाची?"

"जो असंल त्याची. आधी निजामाच्या तालुकदाराला जायची, आता मामलेदाराला. दिवाळीला टोपली धाडायची रीत हाय."

"मागतो तो?"

"मागाया कशाला लागतंय? बांधाची मोजणी त्येच्याच हातात हाय न्हवं."

ओसरीवर शिवरामची लेक सोना पडली होती. बाळंतपणानंतर आलेला ताप निघून गेला, पण अंगात रक्त उरलं नव्हतं. वैद्यानं रोज डाळिंब द्यायला सांगितलेलं. तिच्या ताटलीत खारीनं कुरतडलेलं अर्धं फळ होतं!

मग माझा तोल गेला. निजाम गेला, रझाकार गेले, आपलं राज्य आलं. आणि लेकीच्या तोंडचा घास अजून टोपलीत! विहिरीच्या काठावर उभा राहून मी असा बरसलो की बैलांनी माना वर केल्या.

शिवरामची आई चुलीपासून ओरडली, "अवं अण्णा, इथं सभा न्हाय भरली. बसा, च्या घ्या."

मी फडक्याला हात घातला. शिवरामनं माझं मनगट धरलं. "तुमी उद्या जाताल. साहेब हितंच ऱ्हाणार."

तेवढ्यात भिंतीला धरत सोना अंगणात आली. "तुमचं बोलून झालं का, अण्णा? मग सरका जरा."

तिच्या बोटांत जोर नव्हता. गाठ सुटेना. शेवटी तिनं ती दातांनी सोडली, विहिरीच्या दगडावर फळ फोडलं आणि उभ्यानंच खायला लागली. रस कोपरापर्यंत ओघळला. शिवराम दुसरीकडे बघत राहिला. म्हातारी म्हणाली, "अगं, त्ये वरलं तोड. पिकलंय चांगलं."

त्यातले मूठभर दाणे सोनानं मलाही दिले. इतकं गोड डाळिंब मी पुन्हा खाल्लं नाही.

लोहाऱ्याला निरोप देताना शिवराम म्हणाला, "यंदा टोपली हलकी जाईल."

"म्हणजे जाणारच?"

"जाणार. पन हलकी."

घरी येऊन बरेच दिवस झाले. त्या सभेत टाळ्या घेतलेली माझी वाक्यं मला आठवत नाहीत. दातांनी सोडलेली ती गाठ आठवते, आणि ती टोपली आठवते. हलकी झाली म्हणून समाधान मानायला मी तयार नाही.