चिखलदऱ्याआधीच्या कुरडया

आमच्या घरात सहलीचं सगळं मी ठरवते, आणि चोख ठरवते. त्या वर्षीही मुलांच्या परीक्षा, नवऱ्याची रजा, चिखलदऱ्याची खोली, खामगावहून न्यायला येणारी जीप, सगळं महिनाभर आधी जुळवलं होतं. सासूबाईंनी कुरडयांसाठी गहू भिजू घातले होते. ते पातेलं तीन दिवस माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण माझा जीव बॅगांत अडकलेला.

निघायच्या दिवशी सकाळी सहाला जीप दारात आली, तेव्हा गच्चीवर चुलीवर त्या गव्हाचा चीक रटरटत होता.

"आई, खोली बुक आहे!" मी चिडून म्हणाले.

ढवळणारा हात न थांबवता त्या म्हणाल्या, "चिखलदरा कुठी पयून चालला काय? चीक आंबला तं वर्षभर काय तळशीन?"

मी पदर खोचला, नवऱ्याने साचा धरला. जीपवाला खाली हॉर्न वाजवून कंटाळला आणि वर आला. दूधसाखर घालून वाटीभर गरम चीक खाल्ला आणि आपणहून दुसरा साचा फिरवायला बसला. दहाला निघालो, तेव्हा गच्ची कुरडयांनी भरली होती.

यंदा ऊन तापायला लागताच मी त्या जीपवाल्याला फोन करून सहलीची तारीख सांगितली.

"तारीख राहू द्या ताई," तो म्हणाला, "पहिले सांगा, गहू कधी भिजू घालून राह्यल्या?"